पुड्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण, जिने पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरओळख करून दिली आणि जिला निवृत्तीच्या सुमारासच मधुमेहाने गाठले, ती आमच्या पेठेतल्या वाण्याच्या दुकानासमोर बिस्किटांचा एक पुडा हातात धरून, पिशवीतले लहानसे भिंग त्याच्या पाठीवरून फिरवीत, चांगली पाच मिनिटे उभी होती. पुड्याच्या दर्शनी बाजूस गव्हाच्या लोंब्या होत्या, ओटचे दाणे होते, हिरव्या पट्टीवर पचनास हितकर असल्याची ग्वाही होती. मागच्या बाजूस मात्र चंदेरी भूमीवर पांढऱ्या अक्षरांत घटकद्रव्यांची यादी होती आणि पाकिटाची जोड नेमकी तिथेच आल्यामुळे तिच्यातली निम्मी ओळ घडीत गेली होती. ताई शोधीत होती ती एकच गोष्ट, साखर किती. भिंगाखाली जे दिसले ते असे : प्रथम मैदा, मग साखर, मग पामतेल, त्यानंतर गव्हाचा कोंडा, मग ओट, तेही अवघे ४ टक्के, आणि पुढे कंसांत कोंडलेले आकडे, ५००, ५०३, ३२२, ज्यांचा अर्थ लावण्यास रसायनशास्त्राची पदवी नसली तरी निदान फुरसत तरी हवी.

एवढ्यात माझी मुलगी पुढे आली. "आत्या, दे इकडे, मी स्कॅन करते," असे म्हणून तिने मोबाइलचा डोळा पुड्यावरच्या काळ्या पट्ट्यांवर धरला, आणि दोन क्षणांत पडद्यावर एक लाल वर्तुळ, एक कमी आकडा आणि खाली तपशील उमटला : साखर जास्त, संपृक्त स्निग्धांश जास्त, तंतुमय भाग थोडा. त्याखाली दुसऱ्या, त्यातल्या त्यात बऱ्या बिस्किटांची शिफारसही होती. ताईने चष्मा कपाळावर सरकवून तो पडदा नीट वाचला आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, "हा लाल रंग माझ्यासाठी आहे, की सगळ्यांसाठी?" दुसरा, "एवढे जर ह्यांना ठाऊक आहे, तर पुड्याच्या तोंडावरच का नाही लिहीत?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलीजवळ नव्हते, दुसऱ्याचे माझ्याजवळही नव्हते. त्या दिवसापासून हे दोन प्रश्न माझ्या मनातून हललेले नाहीत.

ज्यांनी ही अ‍ॅप्स वापरलेली नाहीत त्यांच्यासाठी त्यांची कार्यपद्धती प्रथम सांगितली पाहिजे, कारण तिच्यातच त्यांचे सामर्थ्य आहे आणि त्यांची मर्यादाही. बारकोड ही मुळात केवळ एक संख्या आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंग गमच्या पाकिटावरील पट्ट्या यंत्राने प्रथम वाचल्या, तेव्हा त्यामागचा हेतू गल्ल्यावरचा हिशेब वेगाने व्हावा इतकाच होता. भारतातील नोंदणीसंस्थेने दिलेल्या संख्येचा आरंभ ८९० ने होतो. त्यावरून ती संख्या कोठे नोंदविली गेली एवढे समजते, माल कोठे पिकला, कोणी दळला, त्यात साखर किती, यांपैकी काहीही समजत नाही. अ‍ॅप ती संख्या उचलते आणि दूर कोठेतरी ठेवलेल्या एका मोठ्या दप्तरात तिची नोंद शोधते. त्या दप्तरात जे आहे तेही आकाशातून आलेले नसते. कोणीतरी कधीतरी त्याच पुड्याच्या पाठीचे छायाचित्र काढून, त्याच बारीक अक्षरांतला मजकूर त्यात उतरवून ठेवलेला असतो. म्हणजे ताई भिंगाने जे वाचीत होती तेच दुसऱ्या कोणी तिच्या आधी वाचून ठेवले होते. पुड्यावर जे लिहिलेच नाही ते अ‍ॅपलाही कळत नाही, आणि कारखानदाराने कृती बदलून बारकोड तोच ठेवला, तर नवी नोंद कोणी करीपर्यंत अ‍ॅप जुन्याच मालाचा निवाडा देत राहते.

हे वाचून ठेवण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. फ्रान्समध्ये २०१२ साली स्तेफान जिगांदे या संगणकतज्ज्ञाने 'ओपन फूड फॅक्ट्स' नावाचा सार्वजनिक संग्रह सुरू केला. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या स्वयंपाकघरांतील डबे आणि पुडे समोर ठेवून त्यात नोंदी केल्या, आणि आज त्या संग्रहात तीस लाखांहून अधिक पदार्थांची माहिती कोणासही विनामूल्य पाहता येते. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज इन्स्टिट्यूटने त्याच वर्षी 'फूडस्विच' काढले, जे पुढे भारतातही आले. फ्रान्समध्येच जानेवारी २०१७ मध्ये तिघा तरुणांनी 'युका' हे अ‍ॅप बाजारात आणले, आणि त्याचा वापर करणारांची संख्या आज कोट्यवधींत गेली आहे. युका प्रत्येक पदार्थास १०० पैकी गुण देते. त्यांतील ६० पोषणमूल्यावर, ३० कृत्रिम मिश्रकांवर आणि उरलेले १० सेंद्रिय प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. कारखानदारांकडून आपण पैसा घेत नाही असे त्या मंडळींचे म्हणणे आहे, आणि त्यांच्या निवाड्यांनी ज्या कारखानदारांचा रोष ओढवला त्यांची संख्या पाहता ते खरे मानण्यास हरकत नाही.

या अ‍ॅपने काय साधले याची दोन उदाहरणे सांगतो. २०१९ साली 'इंटरमार्शे' या फ्रान्समधील मोठ्या दुकानसाखळीने आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या सुमारे ९०० पदार्थांच्या कृती बदलून १४२ मिश्रके काढून टाकण्याचे जाहीर केले, आणि ते करताना ग्राहक युकावर गुण पाहून माल घेतात हे कारण उघडपणे मान्य केले. जी गोष्ट सरकारच्या फर्मानाने घडली नव्हती ती दुकानात उभ्या असलेल्या सामान्य गिऱ्हाइकांच्या हातातल्या यंत्राने घडविली. दुसरे उदाहरण न्यायालयातले. डुकराच्या मांसाचे खारवलेले पदार्थ करणाऱ्या फ्रेंच उत्पादकांनी, नायट्राइटविषयी अ‍ॅपने दिलेल्या इशाऱ्यावरून, युकाविरुद्ध तीन ठिकाणी फिर्यादी केल्या. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयांनी अ‍ॅपच्या विरोधात निकाल दिले, आणि २०२२ व २०२३ मध्ये वरच्या न्यायालयांनी ते सर्व फिरवले. मधल्या काळात, जुलै २०२२ मध्ये, फ्रान्सच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनेच नायट्राइट व नायट्रेट आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांतील संबंधास दुजोरा दिला. खरे बोलणाऱ्या माणसास खरे ठरेपर्यंत दंडाचे ओझे वाहावे लागले, हे त्यातले मर्म आहे.

आपल्याकडेही याच जातीचा प्रसंग घडला. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने मुलांच्या एका लोकप्रिय चॉकलेटी पेयातील साखरेविषयी चित्रफीत प्रसृत केली, कंपनीने त्यास कायदेशीर नोटीस धाडली, त्याने ती चित्रफीत मागे घेतली. आणि तरीही पुढे काही महिन्यांनी त्या पेयातील साखर कमी झाली, व एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढण्याची सूचना दिली, कारण त्या नावाचा पदार्थ आपल्या अन्नकायद्यात मुळी अस्तित्वातच नाही. वर्षानुवर्षे लक्षावधी आयांनी 'आरोग्यदायी' म्हणून जे दुधात कालविले, त्या शब्दास कायद्याचा आधार नव्हता, ही हकीकत मला आजही अस्वस्थ करते.

आता ताईच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. लाल वर्तुळ कोणासाठी? अ‍ॅपचा निवाडा पदार्थाविषयी असतो, खाणाऱ्याविषयी नसतो. युकासारख्या अ‍ॅपांच्या गणिताचा पाया असलेली 'न्यूट्री-स्कोर' पद्धती, जी सेर्ज एर्कबेर्ग यांच्या संशोधकगटाने बसविली आणि फ्रान्सने २०१७ मध्ये स्वीकारली, ती १०० ग्रॅम पदार्थातील उष्मांक, साखर, संपृक्त स्निग्धांश व मीठ यांचे दोषगुण मोजते, फळे, कडधान्ये, तंतू व प्रथिने यांचे गुण त्यातून वजा करते, आणि जी शिल्लक उरते तिला 'ए'पासून 'ई'पर्यंत अक्षर देते. हा जमाखर्च प्रामाणिक आहे. पण जमाखर्चाचा दोषही त्यात आहे, की एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यातील शिलकेने झाकली जाते. ऑलिव्ह तेलास या पद्धतीत प्रथम 'डी' मिळाला होता, २०१९ मध्ये तो 'सी' झाला, आणि सूत्राची अलीकडे दुरुस्ती झाल्यावर 'बी' झाला. बाटलीतले तेल मात्र सारा वेळ तेच होते. ज्या घरात आठवड्यास चमचाभर तूप खाल्ले जाते आणि ज्या घरात वाटीभर, त्या दोन्ही घरांना तुपाच्या बरणीवर एकच रंग दिसणार. बिस्किटांचेही तसेच. ताईच्या पुड्यावर एका खेपेचा वाटा दोन बिस्किटांचा, म्हणजे १६ ग्रॅमचा, धरला होता. चहाबरोबर दोनच बिस्किटे खाऊन थांबणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. पाच खाल्ली तर ४० ग्रॅम होतात, आणि १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम साखर या त्याच पुड्यावरच्या हिशेबाने जवळजवळ दोन चमचे साखर पोटात जाते, चहातली निराळी.

इथेच आपल्या कायद्यातला एक बारकावा सांगतो, कारण तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०२० च्या अन्न-लेबलविषयक नियमांनुसार पुड्यावर 'शिफारस केलेल्या दैनंदिन प्रमाणाच्या इतके टक्के' अशा अर्थाचा जो आकडा छापला जातो, तो दिवसाला २००० किलोकॅलरी आहार आणि ५० ग्रॅम वरून घातलेली साखर हे प्रमाण धरून काढलेला असतो. ५० ग्रॅम म्हणजे त्या उष्मांकांचा बरोबर दहावा हिस्सा, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दहावा हिस्सा ही कमाल मर्यादा सांगून, त्याच्याही निम्म्यावर यावे अशी शिफारस केली आहे. म्हणजे जी सीमा ओलांडू नये तिलाच आपल्या पुड्यांवर 'शिफारस केलेले प्रमाण' असे नाव मिळाले आहे. शरीराला वरून घातलेल्या साखरेची गरज मुळीच नसते. शब्दांची ही निवड मला गैर वाटते, आणि ती बदलण्यास खर्च काहीच येणार नाही.

पर्यावरणाच्या अंगाने पाहिले तर ही अ‍ॅप्स आपल्या मुलखात अधिकच अडखळतात. फ्रान्समध्ये २०२१ साली 'इको-स्कोर' नावाची श्रेणी 'ओपन फूड फॅक्ट्स'च्या संग्रहात जोडली गेली. पीक घेण्यापासून कचऱ्यापर्यंत पदार्थाचा पृथ्वीवर किती भार पडतो याचा तो हिशेब असून, त्याचा आधार फ्रेंच पर्यावरण यंत्रणेने तयार केलेला 'अग्रीबालिस' हा विदासंग्रह आहे. तो त्या देशाच्या शेतीला, त्या देशाच्या पावसाला आणि गोठ्यांना अनुरूप आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या पाण्याचा हिशेब त्यात कोठून येणार? महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी पितो, आणि त्याच उसाची साखर ताईच्या पुड्यात दुसऱ्या क्रमांकाचा घटक होऊन बसते. उलट मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाहा. पावसाळा सरल्यावर, काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती रब्बीत उभी राहते. तिचे दाणे माणसाला आणि कडबा जनावराला होतो. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवड पद्धतीने सिद्ध केलेला तिचा वाण कित्येक दशके शेतकऱ्यांनी टिकवला आहे, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. आरोग्य आणि पृथ्वी या दोहोंच्या कसोटीवर इतके सरळ उतरणारे धान्य शोधून सापडणे कठीण. पण वाण्याच्या दुकानात ती पोत्यात असते. तिला बारकोड नाही. माझ्या मुलीने मोबाइल तिच्यासमोर धरला असता तर पडद्यावर काहीही उमटले नसते.

सुटे धान्य, भाजीवालीच्या पाटीतली मेथी आणि चाकवत, सकाळी घरी येणारे दूध, कोळिणीकडची बांगड्यांची टोपली, बचत गटाच्या बायकांनी लाटलेले पापड, हे सारे या यंत्रांच्या दृष्टीच्या बाहेर आहे, आणि आपल्या ताटातला अधिक चांगला भाग प्रायः याच मालाचा असतो. यंत्र ज्याचे गुण मोजू शकते तेच अन्न, अशी समजूत तरुण पिढीच्या मनात नकळत रुजण्याचे भय मला वाटते, कारण पोत्यातल्या ज्वारीला शून्य माहिती आणि कारखान्यात भाजलेल्या 'मिलेट' चिवड्याला हिरवा ठिपका, असे चित्र मी घरात पाहिले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यवस्तूंची पोषणमूल्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतील नमुने तपासून प्रसिद्ध केली, आणि २०१९ मध्ये 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' हे अ‍ॅप काढून भारतीय खाद्यपदार्थांची माहिती प्रादेशिक नावांसह लोकांपुढे ठेवली. हा उद्योग फार मोलाचा आहे. जे खासगी उद्योजक आज मराठी ग्राहकासाठी अ‍ॅप काढू पाहतात, त्यांनी आधी हा सरकारी तक्ता उघडावा आणि बारकोडाबरोबरच ज्वारी, नाचणी, हुलगा, अंबाडी अशी नावे टाइप करण्याची सोय द्यावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

हे झाले अ‍ॅपविषयी. पण ताईचा दुसरा प्रश्न अ‍ॅपला विचारलेला नव्हता. तो राज्यसंस्थेला विचारलेला होता, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मूळ तिथेच आहे. जे वाचता यावे म्हणून कायद्याने छापावयास लावले, ते वाचण्यासाठी जर नागरिकाला हजारो रुपयांचे यंत्र, इंटरनेटची जोडणी आणि परभाषेतील एखाद्या कंपनीचा निवाडा लागत असेल, तर त्या छपाईने कायद्याच्या अक्षराचे पालन झाले, हेतूचे झाले नाही. आमची ताई शिकलेली आहे, तिच्याजवळ भिंग आहे, भाची जवळ उभी आहे. पण तालुक्याच्या एस.टी. स्थानकालगतच्या टपरीवर, पाच रुपयांच्या चटकदार पुड्यांच्या माळा जिथे पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या असतात, तिथे मजुरीवरून परतणारी आई रडत्या मुलाच्या हातात त्यातला एक पुडा देते तेव्हा तिने काय स्कॅन करावे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या लोकसमूहाच्या आरोग्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या खिशातल्या मोबाइलवर टाकून मोकळे होता येणार नाही.

चिलीने हे ओळखले. गिदो गिरार्दी या, पेशाने वैद्य असलेल्या, सेनेटरने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर तिथे २०१२ मध्ये कायदा संमत झाला आणि जून २०१६ पासून तो अंमलात आला. साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या प्रत्येक पाकिटाच्या तोंडावर काळा अष्टकोन आला, ज्यावर ठळक अक्षरांत 'यात साखर जास्त', 'यात मीठ जास्त' अशा अर्थाचे शब्द असतात. दोष दोन असतील तर अष्टकोन दोन, चार असतील तर चार. अशा पदार्थांच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर आणि शाळांतील विक्रीवरही त्याच कायद्याने बंदी घातली. या पहिल्या टप्प्यानंतर अशा ठशांची पेये लोकांनी सुमारे २४ टक्के कमी विकत घेतली, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. तिथे कोणास काही स्कॅन करावे लागले नाही. मूल जरी दुकानात गेले तरी काळे ठसे मोजून परत येऊ शकत होते.

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूसाठी नियमांचा मसुदा काढला. पण त्यात इशाऱ्याऐवजी अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे सुचविले, आणि पहिली चार वर्षे तेही ऐच्छिक ठेवले. तारा हे आपल्या मुलाच्या वहीवर शिक्षक काढतात ते शाबासकीचे चिन्ह आहे. साखरेने भरलेल्या पदार्थावर दीड तारा पाहून कोणी सावध होईल असे मला वाटत नाही, उलट काहीतरी बक्षीस मिळाले आहे असेच वाटेल. शिवाय तिथेही तोच जमाखर्च, की थोडे बदाम नि थोडा कोंडा घालून साखरेचे पाप धुऊन निघावे. मसुद्यावर १४ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात असा आदेश दिला. पुढे ती मुदतही वाढवून घेण्यात आली. दरम्यान, जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने साखर, मीठ व संपृक्त स्निग्धांश यांचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. अक्षर मोठे होणे इष्टच. पण मोठ्या अक्षरातला आकडासुद्धा शेवटी आकडाच असतो, आणि तो जास्त की कमी हे सांगणारा शब्द त्याच्या शेजारी नसेल तर भिंगाचे काम तेवढे वाचेल, समजुतीचे वाचणार नाही.

असा ठसा आपल्या लोकांना समजणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच पाकिटावरचा हिरवा ठिपका आठवावा. चौकटीतल्या त्या ठिपक्याने पदार्थ शाकाहारी आहे हे कोट्यवधी माणसांना, ज्यांत निरक्षरही आले, वर्षानुवर्षे एका दृष्टिक्षेपात सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर हिरवा आणि तपकिरी हे रंग ज्यांना वेगळे दिसत नाहीत अशा रंगांध व्यक्तींची अडचण ध्यानात घेऊन मांसाहारी पदार्थासाठी वर्तुळाच्या जागी त्रिकोण घालण्याची दुरुस्तीही याच प्राधिकरणाने केली. ज्या यंत्रणेने रंगांध माणसाचा एवढ्या आस्थेने विचार केला, तिला मधुमेही माणसासाठी एक काळा ठसा काढणे अशक्य आहे असे मी मानीत नाही. लहान उद्योगांवर बोजा पडेल, ही हरकत मी ऐकली आहे. ठसा छापण्यास शाई लागते, नवे यंत्र लागत नाही. आपल्या आवडत्या लोणच्याच्या बरणीवर आणि पापडाच्या पाकिटावरही 'मीठ जास्त' असे येईल, हे खरे आहे. येऊ द्यावे. लोणचे ताटाच्या कडेला बोटभर वाढावयाचे असते हे आजीला ठाऊक होते; ते नातवालाही कळेल.

राहिला प्रश्न भाषेचा, आणि मराठी वृत्तपत्रात लिहिताना तो मी टाळू शकत नाही. त्याच २०२० च्या नियमांत असे म्हटले आहे की पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा. अन्य भाषा जोडीस वापरण्यास हरकत नाही. हरकत नाही, म्हणजे सक्तीही नाही, आणि परिणामी महाराष्ट्रात बनलेल्या, महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बिस्किटाच्या पुड्यावर बहुधा मराठीचे एक अक्षर नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला याचा मला आनंद आहे. पण ज्या भाषेत आई मुलाला 'हे खाऊ नकोस' म्हणते त्याच भाषेत पाकिटानेही ते म्हणावे, यास मी त्या दर्जाइतकेच महत्त्व देतो. निदान इशाऱ्याचे दोन शब्द, 'साखर जास्त', जिथे माल विकला जातो त्या राज्याच्या भाषेत सक्तीने यावेत. ज्या कारखान्याला दहा राज्यांत दहा भाषांतून जाहिराती करता येतात, त्याला दहा भाषांतून दोन शब्द छापता येतील.

अ‍ॅप माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये आहे आणि राहावे. त्याने पुष्कळांचे डोळे उघडले आहेत. मात्र वाचकांना माझे सांगणे वेगळे आहे. अशा नियमांचा नवा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला की त्यावर नागरिकांना सूचना व हरकती पाठविण्यास साधारणतः साठ दिवसांची मुदत मिळते. ती या वेळी फुकट जाऊ देऊ नका. तारे नकोत, इशारा हवा. तो ऐच्छिक नको, सक्तीचा हवा. आणि तो मराठीत हवा, एवढ्या तीन गोष्टी आपल्या शब्दांत लिहून पाठवा. ताईने आपले पत्र आधीच लिहून ठेवले आहे, फुलस्केप कागदावर, शाळेतल्या फळ्यावर लिहीत असे त्याच वळणदार, मोठ्या अक्षरांत.